अवे एंड: सुरक्षितता की नुसता बंदोबस्त?

कॉर्नरफ्लॅग

इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांवर पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना जी वागणूक मिळते, तिच्यावर हा धागा. नंतर शब्दांचा कीस पडू नये म्हणून माझी बाजू आधीच मांडतो. दोन्ही गट वेगळे बसवायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण 'सेफ्टी'च्या नावावर अवे एंडला (पाहुण्यांच्या गॅलरीला) जे खपवलं जातं, त्यातलं बरंच काही सुरक्षितता नसून बंदोबस्त असतो. माणसाला इजा होऊ नये म्हणून घेतलेली काळजी ही सुरक्षितता. माणूस हाच धोका आहे असं धरून केलेली तजवीज हा बंदोबस्त.

दारापासून सुरुवात करू. ब्रिटिश मैदानांच्या 'ग्रीन गाइड'मध्ये (सुरक्षिततेची मार्गदर्शिका) एका टर्नस्टाइलमधून (एकेकाला आत सोडणारं फिरतं दार) तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरायची असतात. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना ३,००० तिकिटं द्यावी लागतात, मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. समजा अवे एंडला सहा टर्नस्टाइल आहेत. २० मिनिटांत १,३२० माणसं आत जातील. पोलिसांनी स्टेशनवरून सगळ्यांना एका घोळक्यात चालवत आणलं आणि किक-ऑफच्या २० मिनिटं आधी १,८०० जण दारात उभे केले, तर ४८० जण शिट्टी वाजते तेव्हा बाहेरच. वर अंगझडती. माणशी दहा सेकंद धरले तरी झडती घेणारा एक जण तासाला ३६० लोकच सोडतो, म्हणजे सहा दारांना अकरा जण झडतीला हवेत. सहाच उभे केले तर टर्नस्टाइल मोकळी आणि गर्दी मागे साचलेली. दोष मात्र 'उशिरा आलेल्या पाहुण्यांचा'.

मग मध्यंतर. १९८५ च्या कायद्यानुसार मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. त्यामुळे सगळे पिणारे त्या १५ मिनिटांत स्टँडखालच्या बोळात उतरतात. तिथेच बिअरची रांग, खाण्याची रांग आणि मुतारीची रांग एकमेकींना छेदतात. रग्बीचा प्रेक्षक अशाच मैदानात ग्लास घेऊन खुर्चीवर बसतो, कारण हा निर्बंध फुटबॉलपुरताच आहे.

आणि शेवटी डांबून ठेवणं. घरचे लोक पांगेपर्यंत पाहुण्यांना आत थांबवायचं, तोवर खालचे स्टॉल बंद. किती वेळ थांबायचं ते कुणी सांगत नाही. शेवटची गाडी चुकली तर तो तुमचा प्रश्न.

तिसरा पंच

हिशोब पटला, निष्कर्ष नाही.

पाहुण्यांवर एवढाच अन्याय होत असेल तर २०१६-१७ पासून प्रीमियर लीगमध्ये अवे तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा कशी? त्याच मैदानात शेजारच्या ब्लॉकमधला घरचा माणूस दुप्पट मोजतो. तुमच्या इतक्या गैरसोयी असूनही मोठ्या क्लबांची अवे तिकिटं आधीच्या अवे सामन्यांचे पॉइंट साठवलेल्या लोकांच्या पुढे सरकत नाहीत.

डांबून ठेवण्याबद्दल. ५०,००० लोक एका रस्त्याने बाहेर पडताहेत, त्यात विरुद्ध रंगाचे ३,००० सोडायचे का? सोडायचे तर स्टेशनपर्यंत दुतर्फा पोलीस लागतात. २०-३० मिनिटं थांबवलं तर मोजके पुरतात. आणि पोलिसांचं बिल क्लबच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जागेपुरतंच क्लबकडे जातं, बाहेरच्या रस्त्याचा खर्च करदात्याचा. तुम्ही म्हणता तो अपमान म्हणजे मनुष्यबळाचं साधं गणित आहे.

वेगळं न बसवल्यावर काय होतं हे आपल्याला इंग्रजांकडून शिकायची गरज नाही. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. एकाच गॅलरीत दोन्हीकडचे लोक. मैदानातल्या धसमुसळेपणाचं लोण वर पोहोचलं आणि १६ जण गेले.

डावा बॅक

नॉर्विचने २०१८ मध्ये पाहुण्या *संघाची* ड्रेसिंग रूम गुलाबी रंगवली होती, म्हणे त्याने आक्रमकता कमी होते. हे सुरक्षिततेत मोडतं की बंदोबस्तात? :)

दुसरी रांग

दोघंही दारातच अडकलात. आत बसल्यावर (बसायला मिळालं तर) काय दिसतं त्याबद्दल बोला की.

न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कला पाहुणे सातव्या लेव्हलवर, जिन्याचे १४ टप्पे चढून. लिफ्ट आहे, पण ती विचारून घ्यावी लागते. गुडघे दुखणाऱ्याने झडतीच्या दारातच स्टुअर्डला (प्रेक्षकांवर देखरेख करणारा मैदानाचा कर्मचारी) सांगावं, वर चढायला लागल्यावर नाही. वरून डावपेच उत्तम दिसतात, खेळाडूचा नंबर दिसेलच असं नाही. क्रिस्टल पॅलेसच्या सेल्हर्स्ट पार्कचा आर्थर वेट स्टँड १९६९ चा. मागच्या रांगांत छत खाली आणि मधे खांब. तिथलं तिकीट घेताना 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' असं लिहिलंय का ते बघायचं, आणि पर्याय असेल तर पुढची रांग मागायची.

सगळ्यात मोठी अडचण उभं राहणाऱ्यांची. १९९४ पासून वरच्या दोन डिव्हिजनमध्ये फक्त खुर्च्या, पण अवे एंडमध्ये ९० मिनिटं सगळे उभेच. नियमात बसायचं आहे, अंमल कुणी करत नाही. आठ वर्षांच्या मुलाला मग समोरच्याची पाठच दिसते. मूल खुर्चीवर उभं केलं की पुढे कलंडण्याचा धोका, कारण जुन्या खुर्च्यांची पाठ नडगीएवढीच उंच असते आणि गोल झाला की मागचे सगळे पुढे येतात. २०२२-२३ पासून परवाना घेऊन कमरेइतक्या दांड्याच्या खुर्च्या लावता येतात, माणशी एक जागा ठेवूनच. पाहुण्यांकडे त्या आधी लावायला हव्यात.

व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांना तर कित्येक मैदानांत घरच्या लोकांमध्येच बसवायचे. आपल्या संघाने गोल केला तरी हूं की चूं करायचं नाही. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०१५ मध्ये कबूल केलं की ऑगस्ट २०१७ पर्यंत अपंगांच्या सगळ्या सोयी सुधारू. सगळ्यांना ती मुदत पाळता आली नाही. यात कुठलं मनुष्यबळाचं गणित होतं, तिसरा पंच?

तिसरा पंच

व्हीलचेअरचा मुद्दा बिनशर्त मान्य. ते दुर्लक्षच होतं. खांबांचं म्हणाल तर त्याच स्टँडमध्ये घरच्यांनाही तेच खांब आडवे येतात.

कॉर्नरफ्लॅग

मनुष्यबळाच्या गणिताचं पुढे काय होतं ते बघू. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, १५ एप्रिल १९८९. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना दिलेल्या लेपिंग्स लेनच्या उभ्या गॅलरीच्या १०,१०० तिकिटांसाठी सात टर्नस्टाइल. वरचा ६६० चा दर लावा, दोन तासांहून जास्त लागतात. बाहेर चेंगराचेंगरी व्हायला लागली, २.५२ ला सी गेट उघडलं, आत आलेले लोक समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या तीन आणि चार नंबरच्या पिंजऱ्यांत गेले. बोगदा कुणी बंद केला नाही, किक-ऑफ पुढे ढकलला नाही. कुंपणं कशासाठी होती? प्रेक्षक मैदानात घुसू नयेत म्हणून. ९७ माणसं गेली ती बंदोबस्ताच्या कुंपणाला दाबली जाऊन, आणि नंतर कित्येक वर्षं दोष प्रेक्षकांच्या दारूला दिला.

हे जुनं झालं असं म्हणणार असाल तर पॅरिस, २८ मे २०२२, चॅम्पियन्स लीगची फायनल. एका रेल्वे मार्गावर संप, म्हणून लिव्हरपूलचे लोक दुसऱ्या स्टेशनवरून एका अरुंद वाटेकडे वळवले. तिथेच तिकीट तपासणीचा अडथळा. गर्दी तुंबली, अश्रुधूर सोडला, सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी ३० ते ४० हजार लोक बनावट किंवा बिनतिकिटाचे असल्याचं सांगितलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये युएफाने (युरोपचा फुटबॉल महासंघ, स्पर्धेचा आयोजक) नेमलेल्या स्वतंत्र समितीनेच तो आकडा निराधार ठरवला आणि मुख्य जबाबदारी युएफावर टाकली.

छोट्या प्रमाणावर हेच: नोव्हेंबर २००८, मँचेस्टरजवळच्या अर्लममधल्या पबमध्ये बसलेल्या स्टोकच्या सुमारे ८० प्रेक्षकांना पोलिसांनी मॅच न बघताच बसमध्ये घालून परत पाठवलं. आधार, गोंधळ *होऊ शकेल* असं सांगणारं २००६ च्या कायद्यातलं २७ वं कलम. नंतर पोलिसांना भरपाई द्यावी लागली.

तिसरा पंच

पॅरिसचं समर्थन करायला मी वेडा नाही. पण तिथे बंदोबस्त जास्त नव्हता, वाईट होता.

आता माझा खरा आक्षेप. तुम्ही समजता की बंदोबस्त काढला की पाहुणचार उरेल. प्रत्यक्षात उरते ती बंदी. अर्जेंटिनात २०१३ मध्ये पाहुण्या प्रेक्षकांना देशभर बंदी झाली. आयाक्स-फेयेनूर्ड या डच क्लबांच्या सामन्यांना २००९ पासून पाहुणे नाहीत. फ्रान्समध्ये प्रीफेक्टने (जिल्ह्याचा सरकारी अधिकारी) एक आदेश काढला की पाहुण्यांना त्या गावातही पाऊल टाकता येत नाही. नेदरलँड्समध्ये धोक्याच्या सामन्यांना 'कॉम्बी' असतं. ठरलेली बस किंवा रेल्वे घेतली तरच तिकीट, स्वतःच्या गाडीने गेलात तर नाही. वेल्समध्ये कार्डिफ-स्वॉन्झीला हेच 'बबल' म्हणून चालतं. प्रशासनाला सगळ्यात स्वस्त पर्याय 'येऊच नका' हाच असतो. इंग्लंडमध्ये ३,००० लोक आपापल्या गाडीने जाऊन मनसोक्त शिव्या घालून परत येतात, ते त्या अर्ध्या तासाच्या डांबण्याच्या जोरावर.

कॉर्नरफ्लॅग

मग तो अर्धा तास नीट तरी पाळा. ८० व्या मिनिटाला स्क्रीनवर लिहा, 'पाहुण्यांनी २५ मिनिटं थांबावं'. मुताऱ्या आणि पाणी सुरू ठेवा. रेल्वेला आधी कळवा. टीव्हीसाठी सोमवारी रात्री आठला सामना लावून वर डांबलं तर बोर्नमथचा माणूस न्यूकॅसलहून परत कसा जाईल? एका बाजूचं अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे.

थेम्सकाठी

लंडन-मँचेस्टरकडच्या आपल्या मंडळींचा एक वेगळाच प्रकार. आवडता संघ शहरात येतो, अवे तिकीट मिळत नाही (ते फक्त स्वतःच्या क्लबकडून आणि बहुधा आधीच्या अवे सामन्यांच्या हिशोबाने), म्हणून घरच्या क्लबची मेंबरशिप काढून होम एंडमध्ये बसायचं. मैदानाच्या नियमांत स्पष्ट असतं की होम एंडमध्ये पाहुण्यांचा शर्ट, स्कार्फ, जल्लोष चालणार नाही. बाहेर काढलं तर पैसे परत नाहीत, मेंबरशिपही जाऊ शकते. 'मला अवे एंडला नेऊन बसवा' म्हणून उपयोग नसतो, कारण प्रत्येक भागाची मंजूर संख्या ठरलेली असते. जॅकेटखाली शर्ट घातला तर झडतीत दिसतो. फोनचा वॉलपेपर आणि कव्हरसुद्धा बघून ठेवा. आणि तिकीट कुणा 'मित्राच्या मित्रा'कडून विकत घेऊ नका. १९९४ च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं गुन्हा आहे, दुसऱ्या खेळांना तो नियम नाही.

माझ्या मते हे चूक आहे. तटस्थ विभाग हवा. फुलहॅमच्या पटनी एंडला तसा होता.

दुसरी रांग

तटस्थ विभाग म्हणजे सवलतीत मिळालेला दुसरा अवे एंड. गोल झाला की तटस्थता कुठे जाते ते कळेलच. घरच्या सीझन तिकीटवाल्याने शेजारी शत्रू का सहन करावा? घरी बसून टीव्हीवर बघा.

म्हापशेकर

आमच्याकडे उलटी तऱ्हा. फातोर्ड्याला मुंबईहून येणाऱ्यांची अडचण पोलीस नव्हे, कोकण रेल्वे. साडेसातची मॅच साडेनवाला संपते आणि कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच निघून गेलेली असते. उरली रात्रीची खासगी बस, नाहीतर मुक्काम. त्यामुळे भारतात दूरचे पाहुणे थोडेच, म्हणून त्यांच्यासाठी व्यवस्थाही थोडी. बाटली, नाणी, पॉवर बँक दारात काढून घेतात, आणि जमा करायला खिडकी नसेल तर मुंबईहून आलेला माणूस पिशवी ठेवणार कुठे? स्थानिक माणूस ती स्कूटरच्या डिकीत टाकून येतो. वेगळी वागणूक न देताही पाहुण्याचे हाल होतात ते असे.

रंकाळा रिटर्न्स

कोल्हापूरला या, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी बघा. दोन्ही घरचेच, पाहुणा फक्त पंच. हाल कुणाचे ते विचारू नका राव.

डावा बॅक

विनोद पुरे, एक कामाचं विचारतो. अवे एंडमध्ये वांशिक शिवी ऐकू आली, आणि ती आपल्याच बाजूच्या माणसाने घातली असेल तर? तिथले स्टुअर्ड तर घरच्या क्लबचे.

दुसरी रांग

त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, व्हिडिओही त्याच्या तोंडासमोर धरून नाही. ब्लॉक, रांग, सीट नंबर आणि वेळ टिपायची, ती सीसीटीव्हीशी जुळवता येते. बऱ्याच मैदानांवर एसएमएसचा नंबर लिहिलेला असतो, त्यावर पाठवायचं. 'किक इट आउट' या वंशभेदविरोधी संस्थेकडेही तक्रार करता येते. १९९१ च्या कायद्याने वांशिक घोषणा देणं गुन्हा आहे आणि कोर्ट तीन वर्षांपासूनची मैदानबंदी घालू शकतं. स्टुअर्डने दाद दिली नाही तर त्याच्या जॅकेटवरचा नंबर घ्या. तक्रार दोन्ही क्लबांना, पण आधी स्वतःच्या क्लबला, कारण तिकीट कुणाच्या नावावर होतं ते त्यांच्याकडे असतं.

तिसरा पंच

ते नाव, सीट नंबर, कॅमेरे, जॅकेटवरचा नंबर... कॉर्नरफ्लॅग, हा सगळा बंदोबस्तच बरं का.

कॉर्नरफ्लॅग

हा चालेल. पाहुण्याला इजा होऊ नये म्हणून आहे तो. अकरा झडतीवाले कधी देताय ते सांगा.