पहिली आंतरराष्ट्रीय फुटबॉल मॅच खरंच १८७२ची?

बाकावरचा_प्रेक्षक
३० नोव्हेंबर १८७२. ग्लासगोला खेटून असलेल्या पार्टिकमधलं क्रिकेटचं मैदान. स्कॉटलंड ०, इंग्लंड ०. फिफाच्या लेखी हीच पहिली आंतरराष्ट्रीय मॅच. मला हे पटत नाही. १८७० ते १८७२ मध्ये लंडनच्या ओव्हलवर याच दोन नावांनी पाच मॅचेस झाल्या होत्या. तीन इंग्लंडने जिंकल्या, दोन बरोबरीत सुटल्या. त्या हिशेबात नाहीत, कारण म्हणे स्कॉटलंडकडून खेळणारे बहुतेक लंडनवासी. आणि १८७२ची टीम? अकराच्या अकरा क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे! स्कॉटलंडची फुटबॉल असोसिएशन निघाली मार्च १८७३ला. मग १८७२ची टीम देशाची आणि ओव्हलवाली नाही, हे ठरवलं कुणी?

फुलबॅक
ओव्हलवर स्कॉटलंडकडून कोण खेळलं ते बघितलंत का? पंतप्रधान ग्लॅडस्टनचा मुलगासुद्धा होता त्यात. मॅच जुळवणारा चार्ल्स अल्कॉक, तोच इंग्लंडच्या असोसिएशनचा सेक्रेटरी आणि तोच इंग्लंडचा कॅप्टन. वरपक्षही आपलाच, वधूपक्षही आपलाच. याला लग्न म्हणायचं का?

बाकावरचा_प्रेक्षक
अल्कॉकने 'ग्लासगो हेरल्ड'मध्ये पत्र छापून खेळाडू मागवले होते. तिकडून फारसं कुणी आलं नाही, यात त्याचा काय दोष? आणि रॉबर्ट स्मिथ नोव्हेंबर १८७०ला ओव्हलवर खेळला, १८७२ला पार्टिकलाही खेळला. तोच माणूस एकदा नकली आणि दोन वर्षांनी अस्सल?

पेठेतला_विंगर
कोल्हापुरातून लिहितोय, त्यामुळे 'एकाच क्लबची टीम' याचं आम्हाला फार नवल नाही. एका तालमीच्या फुटबॉल टीमची पोरं रोज एकत्र खेळतात तेव्हा पास कुठे येणार हे न बघता कळतं. क्वीन्स पार्कचं तेच होतं. इंग्लंडचे गडी अंगाने दांडगे, पण वेगवेगळ्या क्लबांतून आणलेले. बॉल पायात घेऊन एकट्याने पळत सुटायचं, हा त्यांचा खेळ. स्कॉटलंडचे सहा फॉरवर्ड, इंग्लंडचे आठ, मिळून चौदा, आणि गोल शून्य! मला तर हे वाचूनच हसू आलं. पण गाभ्याची गोष्ट अशी की ही टीम गोलकीपर रॉबर्ट गार्डनरने, म्हणजे त्यांच्याच कॅप्टनने निवडली. लंडनच्या माणसाने नाही. शिवाय मॅच त्यांच्या मातीत, एक शिलिंग मोजून सुमारे चार हजार माणसं बघायला. फरक इथे आहे.

जुनी_कात्रणं
शिक्का मागाहून मारला जातो आणि मारणाऱ्याच्या सोयीने मारला जातो. आपले क्रिकेटमधले गोलंदाज बाळू पालवणकर, त्यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण भारताची पहिली टेस्ट १९३२ची, म्हणून त्यांच्या नावापुढे टेस्टचा रकाना रिकामाच.

फुलबॅक
बाळूंबद्दल आदर आहेच, पण उदाहरण बसत नाही. तो दौरा प्रामुख्याने काउंट्यांविरुद्धचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या टीमविरुद्धचा होता. समोर इंग्लंडची टीम नव्हती.

जुनी_कात्रणं
हे मान्य. उदाहरण मागे घेतो, मुद्दा नाही.

बाकावरचा_प्रेक्षक
विंगरभाऊ, निवडीचा मुद्दा लागला. टीम कुणी निवडली हा कस लावला, तर ओव्हलवाल्या मॅचेस लंगड्या पडतात. पण मग फिफावाल्यांनी तेच कारण सांगावं. 'लंडनमध्ये राहणारे' हे कारण लावलं, तर आजच्या निम्म्या राष्ट्रीय टीम बाद होतील.

पेठेतला_विंगर
हाहा, खरंय.
बाकी ०-० पण वादातलाच. तेव्हा वरचा आडवा दांडा नव्हता, दोन खांबांमध्ये फीत ताणलेली असायची. शेवटी शेवटी स्कॉटलंडच्या रॉबर्ट लेकी या खेळाडूचा फटका नेमका त्या फितीवर जाऊन बसला. काही प्रेक्षकांना गोलच वाटला, पण दिला नाही. ती फीत चार बोटं वर बांधली असती तर?

फुलबॅक
आणि फोटोही नाही! फोटोग्राफर मैदानावर आला होता, पण प्रती विकत घ्यायची हमी खेळाडूंनी दिली नाही, म्हणून निघून गेला.

पेठेतला_विंगर
म्हणजे गोल झाला असं मी उद्या तालमीत छातीठोक सांगायला मोकळा.