भिगवण + माळरान फोटोग्राफी वर्कशॉप, तयारी काय करू?

माळावरची_मनू
नमस्कार मंडळी, जानेवारीअखेरच्या वीकेंडला एका वाइल्डलाइफ फोटोग्राफी वर्कशॉपला नाव दिलंय. शनिवारी भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात बोटीतून पक्षी आणि रविवारी कडबनवाडीच्या माळावर जीपमधून चिंकारा, खोकड, नशीब असेल तर लांडगा. माझ्याकडे कॅनन २००डी आणि ५५-२५० लेन्स, आणि आत्तापर्यंतचा अनुभव म्हणजे घरचे वाढदिवस आणि सिंहगडावरून सूर्योदय, सगळं ऑटोवर 🙈
आयोजकांच्या यादीत "किमान ४०० एमएम, ट्रायपॉड, मळकट रंगाचे कपडे" एवढंच आहे. १५०-६०० एमएमची मोठी झूम लेन्स भाड्याने घ्यावी का? भाडं आणि डिपॉझिटचा आकडा ऐकून नवरा म्हणाला एवढ्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन वाघ बघून येऊ की. ट्रायपॉड नाहीये, घेऊ का? आणि जायच्या आधी काय शिकून जाऊ म्हणजे तिथे सगळ्यांसमोर मेनू चाळत बसायची वेळ येणार नाही?

टेकडीवाला
लेन्स घ्या, पण शुक्रवारी रात्री घरी आणून शनिवारी पहाटे निघणार असाल तर नका घेऊ, पैसे वाया. ती दोन किलोच्या आसपास असते आणि ६०० ला झूम करून उडणारा पक्षी फ्रेममध्ये सापडतच नाही, सगळं आभाळच दिसतं. आधी १५०-२०० वर पक्षी पकडायचा, फोकस बसला की झूम वाढवायचं, हे हाताला सवय झाल्याशिवाय जमत नाही. त्यामुळे आदल्या आठवड्यात एखादा दिवस जास्तीचा घ्या आणि पहाटे नदीकाठच्या कवडीपाटला जाऊन या. सोलापूर रोडलाच आहे, लोणी काळभोरच्या अलीकडे. नदीची अवस्था आणि वास दोन्ही बघवत नाही (वास बघतात का 😄) पण चक्रवाक, शेकाट्या, चित्रबलाक, धोबी सगळे जवळून मिळतात. तेवढंही नको असेल तर वेताळ टेकडीवर घारी आहेतच, घारीवर हात बसला की भिगवणची सुरय (टर्न) सोपी वाटते असं म्हणणार नाही, पण निदान दिसेल तरी.

आणि आयोजकांना विचारा की ४०० म्हणजे लेन्सवर लिहिलेले ४०० का क्रॉप धरून? तुमचा सेन्सर लहान, १.६ क्रॉपचा, चित्र तेवढ्या पट जवळ दिसतं, म्हणजे २५० चे तसे ४०० होतातच.

सेटिंग घरीच लावून ठेवा. फोकस एआय सर्व्हो (हलणाऱ्या गोष्टीवर फोकस धरून ठेवतो), फक्त मधला पॉइंट, मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर आपलं, आयएसओ ऑटो. बसलेल्या पक्ष्याला शटर १/१०००, उडणाऱ्याला १/२००० किंवा वर. आयएसओ १६००-३२०० गेला तरी घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत. रॉमध्ये (मोठ्या, कच्च्या फाइलमध्ये) काढणार असाल तर २००डीचा बफर, म्हणजे फोटो तात्पुरते साठवायची जागा, पटकन भरतो, बटण दाबून धरू नका, दोन-तीन फ्रेमचे छोटे बर्स्ट मारा.

सिंहगडरोडचा_बंड्या
माझं उलट मत. लेन्सबिन्स काही नको, ५५-२५० घेऊन जा. पहिल्याच वर्कशॉपला सगळे फ्लेमिंगोच्या डोळ्यामागे लागतात, अख्खा थवा, पाणी, मागे मच्छीमाराची होडी असा फोटो कुणी काढतच नाही.

टेकडीवाला
@बंड्या थव्यापुरतं मान्य. पण रविवारी चिंकारा लांब उभा असेल तेव्हा २५० मध्ये तपकिरी ठिपका येतो हो.

उजनीकाठी
भिगवणचं सांगतो. बोटीत ट्रायपॉड अजिबात नको, जागा नसते आणि इंजिनाची थरथर पायांतून सरळ कॅमेऱ्यात येते. हातातच धरा, बोटीत शक्य तितकं खाली बसा, पाण्याच्या पातळीवरून फोटोचा नूरच बदलतो. नावाड्याशी आधी बोलून घ्या की सूर्य पाठीशी राहील असं वळवा आणि लांबूनच इंजिन बंद करून बांबूने ढकलत न्या. बहुतेक जण मासेमारी करणारेच असतात, पक्षी आपल्यापेक्षा चांगले ओळखतात, ऐकतातही. मात्र कोणी कुरवांना (सीगलना) शेव-फरसाण टाकायला लागलं तर स्पष्ट नाही म्हणा, फोटो मिळतात पण पक्ष्यांना ते खाणं नको.

फ्लेमिंगोची फार आशा लावून जाऊ नका. उजनी भरलेली असली की उथळ चिखल उघडा पडत नाही आणि ते उशिरा, कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतात. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) तोवर असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर एक्सपोजर (फोटोचा उजेड) थोडं मायनस, नाहीतर पिसं जळतात, आणि आभाळासमोर उडणारा असेल तर प्लस.

पहाटे पाण्यावर कडाक्याची थंडी असते, कानटोपी विसरू नका. परत आल्यावर चिलापी फ्राय खाल्ल्याशिवाय निघू नका, हे वर्कशॉपमध्ये कोणी शिकवत नाही.

गवतातली
रविवारसाठी. जीपमध्येही ट्रायपॉड निरुपयोगी, त्यापेक्षा लेन्स टेकवायला बीनबॅग. विकत कशाला, जुन्या जीन्सचा पाय कापा, दोन्हीकडून शिवा, आत हरभरे भरा (नंतर उसळ करता येते).
कपडे मळखाऊ हिरवे-तपकिरी बास, मिलिटरी छाप घ्यायला जुन्या बाजारात जायची गरज नाही. चिंकारा कपड्यांपेक्षा हालचालीला बिचकतो. जीपला ते सरावलेले असतात, तुम्ही खाली उतरलात की पळालेच. दहानंतर जमीन तापून हवा लहरते, तेव्हा लांबचे फोटो मऊ येतात. लेन्स खराब आहे समजून दुकानदाराशी भांडू नका 🙂

आयोजकांना दोन गोष्टी विचाराच. वनखात्याच्या सफारीचं ऑनलाइन बुकिंग झालंय का, आणि लांडग्याच्या बिळापाशी नेणार आहेत का. हिवाळ्यात पिल्लं असतात, गाड्या जवळ जायला लागल्या की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. "खात्रीने लांडगा दाखवतो" असं कोणी म्हणालं तर मी तरी पैसे परत मागेन.

माळावरची_मनू
बापरे, एवढं आयोजकांनीही नव्हतं सांगितलं. ट्रायपॉड कॅन्सल, जीन्स शोधली, नवऱ्याचीच आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही. लेन्स बुधवारपासून घेते. आज विचारल्यावर आयोजक म्हणाले ४०० क्रॉप धरूनच! एक शेवटचं, बोटीत तीन तास म्हणतायत, बायकांसाठी सोय असते का तिथे?

गवतातली
बोटीत अर्थातच नाही. कुंभारगावात होमस्टेवाल्यांकडे असते, निघायच्या आधी जाऊन या आणि पहाटेचा चहा अर्धाच घ्या.