मदत हवी आहे: ट्रंक (बाहेरचे कॉल नेणारी लाइन) मेल्यावर कॉल ३२ सेकंद अडकतो, लवकर दुसऱ्या मार्गावर कसा वळवू?

रत्नागिरीत मुख्य ऑफिस, चिपळूण आणि देवगडला शाखा. एस्टरिस्क २० (ऑफिसचं फोन एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात पीजेसिप (इंटरनेटवरून कॉल जोडणारा सिप प्रोटोकॉल सांभाळणारा भाग). बाहेरचे कॉल आधी सिप ट्रंकवर जातात, तो लागला नाही तर पीआरआय गेटवेवर (टेलिफोन कंपनीच्या डिजिटल लाइनला जोडणारं यंत्र). लाइन पूर्ण तुटली तर काही अडत नाही, ट्रंक अनरीचेबल दिसतो आणि कॉल लगेच गेटवे धरतो.

त्रास अर्धवट लाइनचा. पावसाळ्यात ती कायम तशीच! ऑप्शन्सला (जिवंत आहेस का, असं विचारणारा सिप संदेश) २०० ओके येतं, म्हणून ट्रंक जिवंत दिसतो, पण इनव्हाइटला (कॉल सुरू करणारा संदेश) काहीच उत्तर नाही, १०० ट्राइंगसुद्धा (‘मिळाला, प्रयत्न चालू आहे’ ही पहिली पोच) नाही. एसएनग्रेपमध्ये (सिप संदेश दाखवणारं साधन) तोच इनव्हाइट अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन, चार असा पुन्हा जाताना दिसतो. ३२ सेकंदांनी टायमर बी (इनव्हाइटच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत) संपतो, तेव्हा कुठे गेटवेची पाळी. तोवर माणूस फोन ठेवून मोकळा.

क्वालिफाय (ऑप्शन्स दर किती वेळाने पाठवायचा ते) ६० वरून १५ सेकंदांवर आणलं, फरक शून्य. डायलला (कॉल लावणारी आज्ञा) १० सेकंदांची मर्यादा घातली, तर समोर रिंग वाजत असलेले चांगले कॉलही तुटून गेटवेवर जायला लागले. इनव्हाइट मोठा होऊन पॅकेट फुटतंय का हा संशय होता, म्हणून कोडेक (आवाजाचे फॉरमॅट) कमी करून तो १३०० बाइटच्या आत आणला. तरी तेच. राउटरचं सिप एएलजी (सिप संदेशांत फेरफार करणारी सोय) बंदच आहे. प्रोव्हायडर फक्त यूडीपी (पॅकेट पोचल्याची खात्री न घेणारी पद्धत) देतो, टीसीपी (खात्री घेणारी) नाही.

टायमर बी पीजेसिपच्या सिस्टिम सेक्शनमध्ये कमी करता येतो, पण तो सगळ्यांना लागू होतो आणि देवगडचे फोन संथ व्हीपीएनवर आहेत. फक्त या एका ट्रंकसाठी, १०० ट्राइंग ४-५ सेकंदांत आलं नाही तर पुढच्या मार्गावर जा, असं एस्टरिस्कमध्येच करता येईल का, की मध्ये कामायलिओ (वेगळा सिप सर्व्हर) बसवावाच लागेल?