मदत हवी आहे: आंबोलीच्या रानाला वर्षावन म्हणावं का?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात सातवीच्या मुलांना आंबोलीला घेऊन जायचंय. त्यांच्यासाठी माहितीपत्रक लिहितेय आणि एका शब्दावर अडलेय.

'वर्षावन' हा शब्द शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या 1898 च्या व्याख्येवरून आला. सदाहरित, ओलसर, निदान 30 मीटर उंच, जाड वेलींनी आणि झाडांवरच वाढणाऱ्या लहान-मोठ्या वनस्पतींनी भरलेलं रान, असं तो म्हणतो. ॲमेझॉन, काँगोला ते चपखल बसतं, कारण तिथे पाऊस जवळजवळ वर्षभर असतो.

आंबोलीत धो धो पडतो, पण मुख्यतः जून ते सप्टेंबर. जुलैत अंजनीच्या खोडावर बोटभर शेवाळ असतं. तेच एप्रिलमध्ये हाताला कोरडं, खरखरीत लागतं, पायाखाली पाचोळा वाजतो. म्हणून मला 'निमसदाहरित' (म्हणजे ज्यातली काही झाडं कोरड्या दिवसांत पानं गाळतात असं रान) जास्त खरं वाटतं. पण मुलांच्या तोंडी तो शब्द बसेल का?

जाणकारांनी सांगा: वर्षावनासाठी पाऊस किती पडतो हे महत्त्वाचं, की कोरडे महिने किती? आणि सिंधुदुर्गातली जुनी माणसं अशा दाट रानाला काय म्हणतात? तसा शब्द मिळाला तर तोच आधी लिहीन.