काळ्या गाडीवर थेट मीडियम क्ले नको

ज्यांनी विचारलंय की दोन वर्षांच्या काळ्या गाडीसाठी मीडियम ग्रेडचा क्ले बार (पेंटमध्ये रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा) आणलाय, वापरू का, त्यांनी प्लीज थांबा आणि आधी फाइन, म्हणजे कमी घासणारा, घ्या. काळ्या रंगावर बारीक ओरखडे लगेच दिसतात, मीडियम फिरवला की नंतर पॉलिश करावं लागणार असंच धरून चाला.

मी रबाळ्यात राहतो, गाडी उघड्यावर, एका बाजूला एमआयडीसी आणि दुसरीकडे रेल्वेचे रूळ, त्यामुळे लोखंडाची बारीक धूळ पेंटमध्ये रुतून बसते ती नुसतं धुवून जात नाही. गाडी धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवर फिरवा, खरखर लागली तरच क्ले करा. त्याआधी आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा) मारा, कण विरघळले की जांभळं होऊन खाली ओघळतं ते, मग क्लेला घासायला फार उरत नाही.

क्ले घसरता राहावा म्हणून फवारायचं ल्युब्रिकंट नसेल तर कार शाम्पूचं पाणीही चालतं पण हात आखडता घेऊ नका, पॅनल सतत ओलं पाहिजे, क्ले जरा अडखळला की अजून फवारा. सावलीत, सरळ रेषेत, जोर न लावता, आणि मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा.

आणि क्ले खाली पडला तर तो तुकडा टाकूनच द्या!! मी एकदा धुवून वापरला, मागच्या दारावरचे ओरखडे अजून आहेत.

झाल्यावर त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (पेंटवर संरक्षक थर देणारं) लावा, कारण क्लेने आधीचं वॅक्सही निघतं.