नवख्याला कुठली वाइन सांगायची, रेड ब्लेंड की गोडवाली?

ओझरवाला: नाशिकचा आहे म्हटल्यावर पाव्हणे हमखास विचारतात, "वाइन न्यायचीय, कुठली घेऊ?" ही माणसं वर्षातून दोनतीनदा पिणार, त्यांना टॅनिन-बिनिनचं (रेडमधला तुरटपणा त्याचाच) काही घेणंदेणं नाही. माझं ठरलेलं उत्तर, सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ, म्हणजे त्या नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची गोड वाइन. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवतात, त्यातलं पाणी उडतं, साखर वाढते, आणि सगळ्या साखरेची दारू होऊ देत नाहीत म्हणून गोडवा राहतो. पहिल्या घोटाला कुणी तोंड वाकडं करत नाही. रेड दिली की "काढ्यासारखी लागते" म्हणत अर्धा ग्लास बेसिनमध्ये.

रस्सा_आधी: अजिबात पटलं नाही. गोडवाली एक छोटा ग्लास ठीक, जेवणभर कोण पिणार? फ्रातेल्ली वायनरीची सेते सांगा की, आपल्या अकलूजची, सांजोव्हेसे आणि कॅबरने सोव्हिन्यों या दोन लाल द्राक्षांचा ब्लेंड, म्हणजे मिश्रण. सांजोव्हेसे म्हणजे इटलीत किआंती ही रेड वाइन ज्याची करतात ते द्राक्ष, मूळचंच आंबटसर, त्यामुळे मटणाचा तेलकटपणा तोंडात राहत नाही. नाहीतर ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, कॅबरने आणि शिराझ या लाल द्राक्षांची. ब्लेंड करतात ते उगाच नाही, कॅबरनेचा तुरटपणा शिराझने सुसह्य होतो.

ओझरवाला: मटण तिखट असेल ना पण? तिखटावर तुरट रेड म्हणजे आगीत तेल, दारूनेही जळजळ वाढतेच. तिथे गोडच बरी.

रस्सा_आधी: मग तिखट बेताचं करा 😀 आणि काढ्यासारखी लागणारच, एप्रिलमध्ये कपाटातली बाटली तशीच उघडून देता. रूम टेंपरेचर हे युरोपातल्या थंड घरांचं, १६-१८ डिग्री. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून द्या, मग बघू किती बेसिनमध्ये जाते.

मांडवी_काठ: एवढी चर्चा, आणि लोक गोव्याहून पोर्टच्या बाटल्या पिशव्या भरून नेतात 😂 स्वस्त, लाल, गोड, दोघांचंही समाधान.

रस्सा_आधी: त्याला पोर्ट म्हणू नका हो. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, आंबवणं चालू असतानाच द्राक्षाचं स्पिरिट ओतून थांबवतात, अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. गोव्याची सरबतासारखी पिणाऱ्याने खरी पोर्ट तशी ढोसली तर आडवाच होईल.

मांडवी_काठ: नाव काहीही असो, संपते तरी. तुमच्या रेड अर्ध्या राहून फ्रिजच्या दारात आंबतात आणि शेवटी ग्रेव्हीत जातात.

शेवग्याची_शेंग: ओझरवाला, तुम्ही पाव्हण्यांना लेट हार्वेस्ट पुरणपोळी-श्रीखंडाबरोबर घ्या म्हणून सांगत असाल तर प्लीज नको. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पाणचट लागते. आमच्याकडे थंडगार करून खारे काजू नाहीतर चीजबरोबर घेतो, मस्त लागते. आणि सरसकट एकच बाटली कशाला सांगायची, आधी विचारा चहा कसा घेता. दोन चमचे साखर घालणाऱ्याला गोडवाली, बिनसाखरेचा कोरा पिणाऱ्याला रेड, त्याला कडू-तुरटाची सवय असतेच.

ओझरवाला: आमच्याकडे कोरा चहा फक्त शुगरवाले काका पितात आणि त्यांचा डोळा नेमका माझ्या लेट हार्वेस्टवर असतो, त्यांना काय सांगू?