फुकट वाटपाचा दोष किती?

न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाचे १९९६ मध्ये मॅनहॅटनमध्ये फुकट वाटप सुरू झाले आणि तिथेच त्याचा ऱ्हास ठरला, हे मत मला पटत नाही, कारण शिकागोचे ‘रीडर’ हे साप्ताहिक १९७१ पासून, म्हणजे पहिल्या अंकापासूनच फुकट होते आणि तरीही कित्येक वर्षे उत्तम चालले. या साप्ताहिकांचा खरा आधार छोट्या जाहिराती हाच होता. मंगळवारी रात्री मॅनहॅटनमधल्या अ‍ॅस्टर प्लेसच्या पेपर स्टॉलवर भाड्याचे घर शोधणारे लोक ‘व्हॉइस’च्या ताज्या अंकासाठी रांग लावत आणि जाहिरातींचे पान उघडून सार्वजनिक फोनकडे धावत. पुलित्झर हा पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार तीनदा मिळवणारी ‘व्हॉइस’ची पत्रकारिता याच पैशावर उभी होती. पुढे क्रेग्सलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळाने त्या जाहिराती ओढून नेल्या आणि २०१७ मध्ये ‘व्हॉइस’चा साप्ताहिक छापील अंक थांबला, याचे मला मनापासून वाईट वाटते.